उसनी गल्ली

तुम्ही गल्ली उसनी नेलीत आणि बुडवलीत. हे तोंडावर सांगायला हवं, म्हणून आधीच सांगून टाकलं. नाव घ्यायचं कारण नाही. खुर्चीवरचा माणूस दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, खुर्ची तीच राहते. तेव्हा हे खुर्चीलाच ऐकू जाऊ दे. शेजारीण वाटीभर साखर उसनी नेते आणि चार दिवसांत वाटी घासूनपुसून परत आणून देते. तुम्ही अख्खी गल्ली नेलीत, तिच्या सकाळींसकट, आणि वर डांबर ओतून म्हणालात, हा तर रस्ताच होता!

रस्ता नव्हता तो. काय होतं ते शिवयोगीला विचारा. तुमच्याच बांधकाम खात्याच्या हापिसात नकाशे उतरवायला बसतो. तुम्ही विचारणार नाही, म्हणून इथं सांगायचं.

सोलापूरच्या पूर्व भागातली ही खुंटाची गल्ली. दोन्ही बाजूंना विणकरांची घरं, बहुतेक पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी. मधूनच एखादं बिऱ्हाड इतरांचं. शिवयोगीचा बाप अक्कलकोटाकडून गिरणीत कामाला आला आणि या गल्लीत खोली घेऊन राहिला, म्हणून शिवयोगी आईशी कानडीत बोले, शाळेत मराठीत, आणि भांडण मात्र तेलुगूत करी.

गल्लीच्या दोन्ही तोंडांना आणि मधे मधे बाभळीचे जाड खुंट पुरलेले होते. कुणाच्या आज्यानं पुरले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेल आणि हात लागून लागून ते असे काळे गुळगुळीत झाले होते, की अंधारात हात लावला तर एखाद्या म्हशीच्या शिंगाला लावल्यासारखं वाटावं. फटफटलं की या टोकाच्या खुंटापासून त्या टोकाच्या खुंटापर्यंत ताणा लागायचा. ताणा म्हणजे लुगड्याचं उभं सूत, कमरेइतक्या उंचीवर, गल्लीभर लांब. त्याला खळ लावायची, लांब कुंच्यानं विंचरायचं, एकेक तुटका धागा जोडायचा आणि ऊन तापायच्या आत वाळवून, गुंडाळून मागावर न्यायचा. याला पांजणी म्हणत. बाया एका अंगानं, बाप्ये दुसऱ्या अंगानं कुंचे ओढत चालायचे, आणि चालता चालता सगळ्या गल्लीच्या भानगडी निपटायच्या. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचा नवरा पिऊन आला, सगळं त्या सुतावरून या टोकाचं त्या टोकाला जायचं. खळीचा आंबूस वास सकाळभर भरून राही. आज गल्ली डाळिंबी, तर उद्या मोरपंखी.

एक रीत होती. ताण्यावरून उडी मारायची नाही. पलीकडे जायचं असेल तर खालून वाकून जायचं. मग तो दूधवाला असो, मास्तर असो की पोलीस असो. घमेंडीत चालणारा माणूससुद्धा या गल्लीत सकाळी एकदा तरी कमरेत वाकायचा. फक्त एकाला वाकावं लागत नसे. मेलेल्याला.

"मेलेल्या माणसाला वाकता कसं येईल रा?" नरसय्यातात म्हणायचा. तात म्हणजे आजोबा. सगळ्या गल्लीचाच तो आजोबा होता. मयत निघाली की पांजणीवरचे सगळे कुंचे खाली ठेवायचे, ताणा खुंटांवरून सैल करायचा आणि हात उंच करून डोक्यावर धरायचा. तिरडी त्याच्या खालून जायची.

शिवयोगीचा बाप गेला तेव्हा गल्ली डाळिंबी होती. शिवयोगी तेव्हा शाळेत. पुढं मडकं घेऊन चालताना त्यानं मागं वळून पाहिलं, तर ऊन सुतातून गाळून बापाच्या तोंडावर पडलेलं, आणि तेवढ्यापुरतं त्याला वाटलं, अप्पाच्या गालावर रंग आला. वर पाहिलं तर हातच हात. तेवढे हात त्याच्या बापासाठी गिरणीनं कधी वर केले नव्हते.

हे सगळं शिवयोगीच्या डोक्यात होतं. नकाशात नव्हतं.

दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या साली गल्लीजवळच्या नाल्यावरचा दगडी पूल खचला. मधली कमान पोटातून फुगली. पूल पाडून नवा बांधायचा ठरला. काम चालू असेपर्यंत गाड्या कुठून न्यायच्या, याचा आराखडा करायचं तेव्हा खुर्चीवर असलेल्या साहेबांनी शिवयोगीला सांगितलं.

"नुसतं ट्रेसिंग नाही," साहेब म्हणाले. "विचार करून करायचा. कोपऱ्यात तुमची सही येईल."

त्या दिवशी शिवयोगी घरी आला तो आईला पेढा घेऊनच.

आराखडा त्यानं मनापासून केला. जुन्या पुलाच्या कठड्यावर दिवसचे दिवस बसून काढले. सोबत चौकातला ज्ञानबा हवालदार. ज्ञानबा वेळापूरचा, मिशी भारी आणि शिट्टी त्याहून भारी.

"काय मोजताय ओ सकाळधरनं?" ज्ञानबानं विचारलं.

"किती गाड्या जातात ते."

"गाड्या मोजून काय हुतंय? गिरनीचा भोंगा कवा वाजतुय ते बगा. भोंगा वाजला की सायकली अशा येत्यात, जशी खिंडीतनं मेंढरं. त्या वक्ताला हितं मी बी उभा ऱ्हात न्हाय."

"मग कुठं असता?"

"च्याला जातो की!"

शिवयोगीनं ते लिहून घेतलं. चहाचं नाही, भोंग्याचं. सायकलवाल्यांना आणि पायी जाणाऱ्यांना नाल्यावर फळ्यांचा तात्पुरता साकव. टांगे आणि हातगाड्या साकवापलीकडच्या उतारावरून. कुठं पाटी लावायची, कुठं चुना मारलेले पिंप ठेवायचे, कुठं संध्याकाळी लाल कंदील टांगायचा, कुठं ज्ञानबानं उभं राहायचं, सगळं त्यानं काढलं. उरल्या जड गाड्या. एसटी, कापसाचे ट्रक. त्यांच्यासाठी त्यानं एका बंगल्यामागचा रस्ता धरला. रुंद, मोकळा, दोन्ही बाजूंना गुलमोहर. दिवसभरात त्या रस्त्यावरून एक मोटार आणि दोन कुत्री जायची.

साहेबांनी नकाशा पाहिला, मान डोलावली, आणि त्या रस्त्यावर तांबड्या पेन्सिलीनं फुली मारली.

"इथून ट्रक गेले तर बंगल्यात धूळ जाईल."

"साहेब, धूळ तर कुठूनही गेली तरी..."

"त्यांच्याकडे पाहुणे असतात, मोठमोठे." साहेबांची पेन्सिल नकाशावर फिरली आणि खुंटाच्या गल्लीवर थांबली. "ही काय वाईट आहे? सरळ आहे. रुंदीही बरी दिसते."

"तिथं सकाळी ताणा असतो, साहेब."

"काय असतं?"

शिवयोगीनं सांगितलं. साहेब म्हणाले, चला, बघूनच येऊ. गेले कधी? दुपारी, जेवण करून. ऊन रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नाही. खुंटाला एक शेळी बांधलेली, ती साहेबांकडे बघून ओरडली.

"कुठाय तुमचा ताणा?" साहेब हसले.

आता त्या माणसाला काय म्हणावं? दुपारी देवळात जाऊन काकडआरती कुठाय विचारण्यातलाच तो प्रकार. शिवयोगी म्हणाला, साहेब, सकाळी या. साहेब सकाळी कधी आलेच नाहीत. सकाळी साहेबांना फिरायला जायचं असे, गुलमोहराच्या रस्त्यानं.

पण साहेब तसे गोड बोलणारे. त्यांनी गल्लीतली माणसं बोलावली, नरसय्यातातच्या ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "शहराचं काम आहे. पूल होईपर्यंत तुमची गल्ली आम्हाला द्या. पूल झाला की तुमची गल्ली तुम्हाला. माझा शब्द."

तातनं साहेबांकडे पाहिलंच नाही. त्यानं शिवयोगीकडे पाहिलं.

"एमिरा, काय रे शिवय्या, तू सांग. हे साहेब उद्या जाईल. तू गल्लीतला."

शिवयोगीला वाटलं, नकाशावर आपणच तांबड्या शाईनं 'तात्पुरता वळण रस्ता' असं लिहिणार. सही आपली. मग भ्यायचं कशाला? तो म्हणाला, "परत मिळेल, तात. माझ्यावर सोपवा."

"मग दिली," तात म्हणाला. एवढंच. कागद नाही, अंगठा नाही. त्या लोकांत अशीच रीत होती. मागाची फणी उसनी, सुताची कांडी उसनी, खळीचं पातेलं उसनं, आणि कधी काही बुडालं नव्हतं.

शेजारची सारजाबाई तेवढी तोंडाळ. माळशिरसाकडची, नवरा गिरणीत, ही घरी भाकऱ्या करून गिरणीवाल्यांना डबे द्यायची. ती दारातून म्हणाली, "देताय ते द्या. पर सरकारच्या हातातनं परत आल्यालं म्या अजून काय बगितलं न्हाय. माज्या सासऱ्याची जमीन धरणात गेली, ती बी उसनीच नेली असल म्हणा!"

सगळे हसले. साहेबही हसले. सारजाबाई हसली नाही.

काम सुरू व्हायच्या आठवड्यात खरी गोम निघाली. पुलाच्या दोन्ही तोंडांना पक्कं अडथळ्याचं कुंपण हवं होतं. शिवयोगीनं नकाशात ते ठळक काढलं होतं. खाली खोल खड्डा, आणि भोंग्यानंतरचा सायकलींचा लोंढा. कोठारात लाकूड नव्हतं. साहेब म्हणाले, "तिथंच काहीतरी जमवा." जमवा! दोन पिंपं आणि सुतळी. पहिल्याच दिवशी एक सायकलवाला सुतळी तोडून कडेपर्यंत गेला. ज्ञानबानं त्याला कॅरियरला धरून मागं ओढलं आणि अशी शिवी दिली, की खड्ड्यात पडलो असतो तर बरं, असं त्याला वाटलं असेल.

संध्याकाळी शिवयोगी तातच्या ओट्यावर डोकं धरून बसला. तातनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खुंट हाय की."

"कुठले?"

"आपले. गल्लीत आता बस येनार. बसच्या चाकाला खुंट लागंल, खुंटाला चाक लागंल. काढायचाच हाय. मग तुझ्या पुलावर उभा करू. पूल झाला की परत आनू."

शिवयोगी नको म्हणाला. खुंटांना नारळी पौर्णिमेला हळदकुंकू लागे, सुताचा दोरा बांधला जाई. पण तात ऐकेना. पोरगं गिरणीतून येताना खड्ड्यात पडलं तर ते कुणाचं असेल? याच गल्लीचं की! दुसऱ्या दिवशी गल्लीनं स्वतः पहारी घेतल्या. खुंट निघताना मुळासकट दात निघाल्यासारखे निघाले. खड्डे बुजवले, वर शेण सारवलं. मग ते खुंट हातगाडीवर घालून पुलावर नेले, पुरले, तांबडे-पांढरे पट्टे मारले, आडवे बांबू बांधले. असं कुंपण त्या शहरात कुणी पाहिलं नसेल. त्याला ट्रक हलवू शकला नसता.

इतका भाबडेपणा जगात दुसऱ्या कुणी केला असता? आपलं घर उसनं द्यायचं आणि वर त्याची कडीही काढून द्यायची! पण तो भाबडेपणा नव्हता, सवय होती. भाबडे तुमच्या हिशेबानं.

आराखडा मात्र झकास चालला. एक माणूस पडला नाही. ज्ञानबा चौकात रुबाबात शिट्टी मारी. एसट्या गल्लीतून धूळ उडवत जात. साहेबांना वरून शाबासकी आली. नरसय्यातात रोज संध्याकाळी फिरत पुलावर यायचा, आपल्या खुंटांपाशी थांबायचा, पट्ट्यांवरून हात फिरवायचा.

"रंग लावून नवरदेव केला रे यांना," तो म्हणायचा.

"परत नेताना वरात काढू, तात," शिवयोगी म्हणायचा.

"बँड लावू!" ज्ञानबा मधेच तोंड घालायचा. "शिट्टी माजी हायच."

इकडे पांजणी नाल्याकाठच्या मैदानात गेली. तिथं वारा. धुळीनं खळ माखायची, डुकरं ताण्यात घुसायची. काही घरांनी कंटाळून बाहेरून तयार गुंडाळलेलं सूत घ्यायला सुरुवात केली. काहींनी माग मोडून चादरीच्या कारखान्यात कामं धरली. तातचा मुलगा अंबादाससुद्धा गेला. तात म्हणे, "जाऊ दे. गल्ली आली की माग परत बसवू." त्यानं आपल्या मागाचे भाग आणि उरलेलं सूत पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले होते.

पूल झाला. फीत कापली, हार झाले, पेढे वाटले. आराखड्यातलं शेवटचं कलम होतं: वाहतूक पूर्ववत करणे. शिवयोगीनं स्वतःच्या हातानं गल्लीच्या तोंडावरची वळण रस्त्याची पाटी काढली आणि खांद्यावर मारून हापिसात नेली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. अंबादास खुंट आणायला हातगाडी घेऊन पुलावर गेला, तर पुलावर काहीच नव्हतं. कंत्राटदाराच्या ट्रकनं फळ्या, बांबू, पिंपं, सगळं भरून नेलं होतं. त्यात खुंटही गेले. कुठं? कुणी म्हणे दुसऱ्या कामावर. कुणी म्हणे वीटभट्टीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ट्रक आला. त्याच्या मागं एसटी.

शिवयोगी धावत साहेबांकडे गेला. साहेबांच्या बदलीचा हुकूम आला होता, ते कपाट आवरत होते.

"राहू दे हो," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरांना सवय झाली आहे. नव्या पुलावरचा ताणही हलका होतो. पुढच्या महिन्यात डांबर पडेल, गल्लीचा फायदाच आहे."

"तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द पुलाच्या वेळचा होता."

डांबर पडलं. मग एसटीचा थांबा झाला. मग थांब्यासमोर सायकलवाल्याचं दुकान, मग हॉटेल. शिवयोगीनं नव्या साहेबांना गाठलं, त्यांच्या नंतरच्यांनाही. एकानं विचारलं, "इथं ताणा लागत होता याचा काही पुरावा? काही खूण?" खूण! खूण तुमच्याच ट्रकनं नेली. तातनं मात्र शिवयोगीला कधी काही विचारलं नाही. ओट्यावर बसून धूळ झटकायचा आणि म्हणायचा, "बस शिवय्या, च्या घे." शिवयोगी त्या ओट्यावरून जायचं टाळू लागला.

या उन्हाळ्यात तात गेला.

सकाळी तिरडी बांधली, उचलली, आणि गल्लीच्या कडेला उभी राहिली. समोरून ट्रक, मागून एसटी, मधे टेम्पो. कुणी थांबेना. आयुष्यभर ज्या गल्लीत सकाळी पोलीस वाकून गेला, त्या गल्लीत नरसय्यातात चार खांद्यांवर जागा मागत उभा होता. ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला.

सारजाबाई कमरेला पदर खोचून पुढं झाली. "हॉर्न कुणाला देतुयास रं मुडद्या? त्यो उठून बाजूला व्हनार हाय व्हय?"

तेवढ्यात तातची सून घरातून आली. हातात डाळिंबी सुताची लड होती, माळ्यावरच्या पोत्यातली. तिनं एक टोक सारजाबाईच्या हातात दिलं आणि लड उलगडत चालू लागली. म्हाताऱ्या बाया ओट्यांवरून उतरल्या. कारखान्यातली माणसं रात्रपाळी करून झोपली होती, ती डोळे चोळत बाहेर आली. कुणी कुणाला काय करायचं ते सांगितलं नाही. खुंट नव्हते, म्हणून माणसंच खुंट झाली. गल्लीच्या मधोमध, डांबरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत लागलं आणि हात वर गेले.

चौकातून ज्ञानबा धावत आला. पोट सुटलं होतं, शिट्टी तीच होती. ट्रकच्या तोंडाशी उभा राहून त्यानं ती अशी फुंकली की कावळे उडाले. "बंद कर! इंजन बंद कर! मानूस चाललाय!"

इंजिनं बंद झाली. कित्येक वर्षांनी गल्लीत माणसांच्या पावलांचा आवाज ऐकू आला. शिवयोगीचा खांदा तिरडीला होता. त्यानं मान वर केली. ऊन सुतातून गाळून तातच्या कपाळावर पडलं होतं. सूत थोडंच होतं, रंगही थोडाच पडला.

स्मशानातून शिवयोगी घरी गेला नाही. ओल्या धोतरानं, उघड्या अंगानं तडक तुमच्या हापिसात आला. शिपाई अडवायला उठला आणि त्याच्याकडे बघून परत बसला. आत खुर्ची होती. खुर्चीत माणूस होता.

"हे काय सोंग?" खुर्ची म्हणाली. "आणि तुम्ही नोकर आहात इथले, हे विसरू नका."

"विसरलो नाही. नकाशा मी काढला, सही माझी आहे. त्यात शेवटचं कलम अजून बाकी आहे. ते पुरं करायला आलोय."

"अर्ज करा. बघू."

"अर्ज करून झाले. ज्यानं गल्ली दिली त्यानं अर्ज मागितला नव्हता. पाणी दिलं होतं प्यायला." शिवयोगीच्या धोतराचं पाणी तुमच्या फरशीवर ठिबकत होतं. तो हलला नाही. "पूल झाला. त्यावरून तुमच्या मोटारी जातात. आता सांगा, खुंट कुठं आहेत? आणि आमची गल्ली कोणत्या दिवशी परत देता? दिवस सांगा. मी इथंच उभा आहे."